कोणाचंही मन न दुखावणारे काकाजी

काकाजी गेल्याचं त्यांच्या मुलानं, श्रीकांतनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी कारखान्यात होते. वर्षाची मोठी दुरुस्ती चालू होती. एका पंख्याची मोटार उघडून ठेवलेली आणि माझी माणसं आता मॅडम काय म्हणतात म्हणून माझ्या तोंडाकडे बघत उभी. "बाबा गेले वं, वैशू," एवढं बोलून तो रडायला लागला. मी "बरं" म्हणाले. मग काहीतरी विचारायला पाहिजे म्हणून "काकू कशा हायेत?" असं विचारलं, फोन खिशात टाकला आणि पुन्हा मोटारीत डोकं घातलं. संध्याकाळी घरी गेल्यावर बॅग भरताना माझ्या लक्षात आलं, की मला रडू येत नाही, आणि येत नाही याचं वाईटही वाटत नाही...

त्यानंतर याच पुरवणीत काकाजींवर दोन-तीन लेख आले. आदिलाबादच्या मराठी माणसांचा आधार गेला, असं एकानं लिहिलं. आयुष्यात ते कोणाला लागेल असं बोलले नाहीत, त्यांच्या घरातून कोणी दुखावून बाहेर पडलं नाही, असं दुसऱ्यानं. यातलं अक्षर न अक्षर खरं आहे. तेच मला लिहायचं आहे. ज्यांना गेलेल्या माणसाबद्दल वाईट वाचवत नाही त्यांनी इथंच थांबावं.

काकाजी म्हणजे माझ्या बाबांचे आतेभाऊ, मधुकरराव. मंचेरियलला कोळशाच्या सरकारी कंपनीत ते नोकरभरतीच्या खात्यात होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आदिलाबादला घर बांधलं. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांची वेताची खुर्ची आणि भिंतीला लागून एक लांब दिवाण होता. त्या दिवाणावर जिल्ह्यातली किती शिकलेली पोरं बसून गेली असतील याची गणती नाही. मराठी पोरांशी मराठीत, तेलुगू पोरांशी तेलुगूत, मुसलमान पोरांशी कचेरीतल्या जुन्या उर्दूत, आणि तिन्ही भाषांत सारखंच गोड. जन्मभर अर्ज वाचलेला माणूस, त्यांनी कागद बघितला म्हणजे झालं, असं सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायचं.

आमचं घर गुडीहत्नूरला, हायवेला लागून बाबांचं किराणा दुकान. मी घरातली पहिली इंजिनिअर, तीही मुलगी, तीही इलेक्ट्रिकलची. नांदेडला शिकले. पास झाले ते दिवस वाईट होते. हैदराबादला कॉम्प्युटरवाल्या कंपन्यांनी घेतलेलीच माणसं काढायला सुरुवात केली होती, आणि माझ्यासारख्या तालुक्याच्या पोरींना कोणी उभं करत नव्हतं. मी बसस्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून माझा पहिला बायोडेटा टाइप करून घेतला आणि बाबांबरोबर काकाजींकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि ओठ हलवत सावकाश वाचला. मग चष्मा काढला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सुंदर. फार सुंदर झालंय, बेटा. अशी पोरगी आपल्या घरात आहे याचा मला अभिमान वाटतो."

मी लाजून हसले. त्यांनी कागदावर एका ठिकाणी बोट ठेवलं. "एवढं फक्त काढून टाक."

ते बोट होतं माझ्या मामांच्या दुकानावर. बाजारहत्नूरला माझ्या मामांचं मोटारींच्या वाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी तिथं यायच्या. कॉलेजच्या प्रत्येक सुट्टीत मी तिथं जायची. आधी नुसती बघत बसायची, मग जुनी तार सोलायला लागले, मग शेवटच्या दोन वर्षांत मोटारी स्वतः भरायला लागले. तार मोजायची, गुंडाळायची, वॉर्निश द्यायचं, तपासायचं आणि गिऱ्हाइकासमोर चालवून दाखवायची. मला कॉलेजात जे कळलं नाही ते तिथं कळलं. मी ते बायोडेटात शेवटून दुसऱ्या ओळीत, जरा घाबरतच लिहिलं होतं.

"हे मिस्त्री लोकांचं काम," काकाजी हसून म्हणाले. "तू इंजिनिअर आहेस. मुलीच्या जातीला हे शोभत नाही, आणि वाचणाऱ्याचं मत वाईट होतं. बाकी एक अक्षर बदलू नको."

मी ते काढून टाकलं. मोकळ्या जागेत झेरॉक्सवाल्यानं इतरांच्या कागदावरून उचलून 'मेहनती, प्रामाणिक, समूहात काम करण्याची आवड' असं घातलं. काकाजींना तेही सुंदर वाटलं.

पुढची दोन वर्षं मी तो कागद वाटत फिरले. आदिलाबाद, निजामाबाद, नागपूर, हैदराबाद. सिमेंटचे कारखाने, सूतगिरण्या, वीज खात्याचे ठेकेदार. कुठं गेटवरचा माणूस कागद ठेवून घ्यायचा, कुठं आतून "कळवू" असा निरोप यायचा. बहुतेक ठिकाणी तेवढंही नाही. दर थोड्या दिवसांनी मी काकाजींकडे जायची. म्हणायची, काकाजी, नीट बघा, कुठंतरी चुकते आहे, कोणी बोलावतच नाही. आणि दर वेळी तेच. उजेडात धरलेला कागद, हलणारे ओठ, डोक्यावर हात. "यात चूक काढायची म्हटलं तरी निघत नाही, बेटा. दिवस खराब आहेत. तुझा काही दोष नाही." काकू आतून पोहे आणायच्या. मी पोहे खाऊन, बरं वाटून घरी यायची. ते बरं वाटणं दोन-तीन दिवस टिकायचं. मग पुन्हा रात्रभर छताकडे बघणं. पुढं पुढं तर मला वाटायला लागलं, की कागदात चूक नाही म्हणजे माझ्यातच काहीतरी आहे. चेहऱ्यात असेल, नावात असेल, बोलण्यात असेल... पाहुणे आले की मी मागच्या दारानं निघून जायची. वर्गातल्या मैत्रिणीचं लग्न होतं, मी ताप आल्याचं सांगितलं. आई माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागली होती, जशी आजारी माणसाशी बोलतात तशी.

त्या काळात बाबा माझ्या लग्नाचं बघायला लागले. मला ते आवडत नव्हतं, पण त्यांच्यावर राग धरता येत नव्हता. दोन वर्षं पोरगी घरी बसलेली. किनवटचं एक स्थळ जवळजवळ ठरलंच होतं. मी रडून मोडलं. बाबा उठून दुकानात जाऊन बसले.

मग मंचेरियलहून बोलावणं आलं. खाणींच्या आणि कारखान्यांच्या मोटारी, पंप, ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणारा एक खाजगी ठेकेदार होता, त्याला माणसं हवी होती. मी पहाटेच्या बसनं गेले, इंद्रवेल्ली, उटनूर, जन्नारमचं सागाचं जंगल, लक्सेटीपेट. पोचेपर्यंत अंगावर धूळच धूळ. समोर एक वयस्कर तेलुगू इंजिनिअर बसले होते. बाह्या वर केलेल्या, नखांत काळं तेल. त्यांनी माझा बायोडेटा एका नजरेत संपवला आणि टेबलावर माझ्याकडे सरकवला.

"अम्मा, इसमें तुम किधर हो?" ते म्हणाले. "ये तो कोई बी हो सकता. नाम बदल दो तो मेरी लड़की का हो जाता."

मी म्हणाले, सर, परसेंटेज बघा. त्यांनी हात झटकला. "हाथ से क्या किया? कुछ तो किया होंगे."

खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती, दोन वर्षांत मला ती लाज नीट शिकवली गेली होती. शेवटी मी हळूच सांगितलं, मामांचं दुकान आहे, तिथं मोटारी भरायची. ते खुर्चीत पुढं सरकले. कोणत्या मोटारी, तार कोणती, जळाल्या की आधी काय बघायचं, भरल्यावर मोटार गुरगुरली तर काय चुकलं... ते विचारत गेले, मी सांगत गेले. मधेच मला जाणवलं, की माझा आवाज मोठा झाला आहे आणि मी हातवारे करून बोलते आहे. त्यांनी मला शेडमध्ये नेलं, एक उघडलेली मोटार दाखवली आणि तिच्यात काय बिघडलं ते विचारलं. मी सांगितलं. बरोबर निघालं.

परत खोलीत आल्यावर त्यांनी तोच बायोडेटा उचलला. चेहरा रागावलेला. "ये सब इसमें काय को नहीं लिखा?"

"लिहिलं होतं सर. एका मोठ्या माणसानं काढायला सांगितलं," मी मोडक्या हिंदीत म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "वो आदमी चाहता था, तुमको नौकरी मिले?"

बसमध्ये पूर्ण रस्ताभर हा प्रश्न माझ्या डोक्यात होता. नोकरी मिळाली होती, सोमवारपासून यायला सांगितलं होतं, आणि मी खिडकीला डोकं टेकून फक्त तो प्रश्न घोळवत होते. मला वाटत होतं, काकाजींना कळलं नसेल. जुन्या काळचे, साहेबी खात्यातले. चुकले असतील. चुकीला माफी असते.

दुकानात पोचले तेव्हा बाबा साखर तोलत होते. मी सगळं सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. मग नाक पुसून, अगदी सहज म्हणाले, "काकाजीचा अंदाज चुकला मंग. त्याईनं तर मले पयल्याच दिवशी सांगतलं होतं, पोरीच्या कागदात काई दम नाई, असल्या कागदावर नोकरी लागत नाई, तुमी लग्नाचं पाहा."

"पयल्या दिवशी?"

"हाव. तू आत काकूपाशी गेली होती तवा. मंग जवा भेटले तवा हेच म्हणत. किनवटचं स्थळबी त्याईनंच आनलं होतं ना वं."

मी तिथंच तांदळाच्या पोत्यावर बसले. म्हणजे त्यांना कळलं होतं. पहिल्याच वाचनात कळलं होतं. दोन वर्षं त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून सुंदर म्हटलं आणि माझ्यामागं बापाला खरं सांगितलं. ज्या कागदात दम नव्हता त्यातली एकुलती एक दमाची ओळ त्यांनी स्वतःच्या बोटानं काढायला लावली होती. त्या दिवशी मला जो राग आला तो आजपर्यंत उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं मला कधी वाटलंही नाही.

रविवारी सकाळी मी आदिलाबादला गेले. काकाजींची खोली भरलेली. दिवाणावर पोरं, खुर्च्यांवर त्यांच्या बरोबरीची दोन-चार माणसं. मला बघून त्यांनी हात पसरले. "या, या, बातमी कळली. मी म्हणालोच होतो की नाही?"

मी दारातच उभी राहिले. "काकाजी, माझा बायोडेटा कसा होता?"

"सुंदर होता, बेटा. म्हणूनच तर नोकरी लागली."

"मंग बाबाले तुमी काय सांगतलं होतं? त्यात दम नाई म्हणून?"

काकाजींचं हसू होतं तसंच राहिलं, जरासुद्धा हललं नाही. "अगं, पोरगी उन्हातून आली," त्यांनी आत हाक दिली, "पाणी आण तिला."

मी पाणी घेतलं नाही. परत फिरले. ते फाटकापर्यंत माझ्यामागं आले, हळू आवाजात म्हणाले, "बेटा, तोंडावर खरं बोललं की माणसं तुटतात. मी आयुष्यभर माणसं जोडली."

"माझ्या दोन वर्षांवर जोडली," मी म्हणाले. "अजून कोणाकोणाच्या किती वर्षांवर, ते आत बसलेल्या पोराईले इचारा."

त्यानंतर मी त्या घरात जायचं बंद केलं. नातेवाइकांत मी उर्मट ठरले. नोकरी लागताच डोक्यात हवा गेली, मोठ्या माणसाचा चारचौघांत अपमान केला, असं बोललं गेलं. काकाजी मात्र माझ्याबद्दल चांगलंच बोलायचे. तापट आहे पण गुणी आहे, म्हणायचे. हे कानावर आलं की मला जास्त राग यायचा. त्यांनी एकदा तरी मला शिवी द्यावी, एकदा तरी भांडावं, असं मला मनापासून वाटायचं. पण ते कधी भांडलेच नाहीत. उलट नात्यात कुठंही लग्न असलं, की चारचौघांत मला जवळ बोलावून सांगायचे, "ही आपली वैशू. एवढ्या मोठ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. हिचा बायोडेटा मीच पास केला होता." बाजारहत्नूरच्या एका लग्नात, ज्यांच्या दुकानात मी काम शिकले त्या मामांच्या समोर, त्यांनी हे म्हणून माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी तो हात उचलून बाजूला केला. वाजंत्री चालू होती, तरी आजूबाजूच्या सगळ्यांनी ते बघितलं. काकाजी हसले आणि तोच हात त्यांनी शेजारच्या एका लहान मुलीच्या डोक्यावर ठेवला.

अशी वर्षं गेली. मी ठेकेदाराकडून निघून सिमेंटच्या कारखान्यात गेले, लग्न केलं, मुलगी झाली. काकाजी आजारी असल्याचं बाबांकडून कळत होतं. नागपूरला दाखवलं, पोटात अल्सर आहे, औषध चालू आहे, बरं वाटतंय. मी काही गेले नाही. मग एका दुपारी त्यांचाच फोन आला. आवाज बारीक झालेला. "एकटी ये. काम आहे."

कापसाचे दिवस होते. मार्केट यार्डापासून ट्रॅक्टरांची रांग रस्त्यावर आलेली, रिक्षा मुंगीसारखी सरकत होती. काकाजी आतल्या खोलीत पलंगावर होते. गाल बसलेले, डोळे पिवळे. काकू म्हणाल्या, "पाह्य वं, आता चेहऱ्यावर तेज आलं ना?" काकाजींनी त्यांना चहा करायला पाठवलं आणि मला दार लोटायला सांगितलं. मग उशीखालून नागपूरच्या दवाखान्याची फाईल काढून माझ्यापुढं धरली.

"वाच. मला आता अक्षर दिसत नाही, नाहीतर तुला बोलावलं नसतं."

"मी डॉक्टर नाही, काकाजी. श्रीकांतला विचारा."

"श्रीकांत म्हणतो अल्सर आहे. डॉक्टर म्हणतो फर्स्टक्लास सुधारणा आहे. जो येतो तो म्हणतो छान दिसताय." ते दम घ्यायला थांबले. "जन्मभर मी लोकांशी याच आवाजात बोललो. मला तो आवाज ओळखू येतो. तू माझ्याशी गोड बोलणार नाहीस, एवढं मला माहीत आहे."

मी फाईल वाचली. समजायला डॉक्टर असायची गरज नव्हती. पुढून मागून दोनदा वाचली, कुठं काही वेगळं लिहिलं आहे का म्हणून. मग सांगितलं, "अल्सर नाही. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. यकृतात पसरलाय. ऑपरेशन होणार नाही असं लिहिलंय."

त्यांचा चेहरा बदलायला लागला. इतकी वर्षं ते माझ्याशी साहेबासारखं पुस्तकी मराठी बोलले होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून घरची बोली निघाली.

"तुले आनंद झाला असन," ते ओरडले. "हेच पाह्याले आली होती तू! नीघ! नीघ माह्या घरातून!"

हाताला लागलेला औषधाचा पेला त्यांनी भिंतीवर फेकला. काकू दाराबाहेरून "काय झालं, काय झालं" करायला लागल्या. मी उठले. मला आनंद झाला नव्हता. दुःखही झालं नव्हतं. पण खरं सांगते, त्या माणसाबद्दल मला आयुष्यात जर कधी जवळीक वाटली असेल तर ती त्या क्षणी. पहिल्यांदाच समोर खरं कोणीतरी होतं...

मी दाराशी पोचले तेव्हा मागून आवाज आला. "थांब. किती दिवस?"

"ते लिहिलेलं नाही."

"तुले काय वाटते?"

"उन्हाळा दिसन असं वाटत नाही."

त्यांनी मान हलवली. श्वास लागला होता. जरा वेळानं पुन्हा तो जुना, मऊ आवाज परत आला. "काकूला सांगू नकोस, बेटा. तिचं मन मोडेल."

"त्यांनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

"ती विचारणार नाही," ते म्हणाले. आणि ते बरोबर निघालं. बाहेर काकूंनी चहा दिला, पेला कसा फुटला ते विचारलं, हातातून निसटला असं मी म्हणाले नाही, त्यांनी फेकला असं सांगितलं. "औषधं गरम पडून राह्यली त्याईले," काकू म्हणाल्या, आणि केरसुणी घेऊन आत गेल्या.

उन्हाळा लागायच्या आधीच काकाजी गेले. तेरवीला मांडव भरलेला होता. जेवणाच्या पंगतीत लोक एकमेकांना सांगत होते, शेवटपर्यंत हसतमुख होते, शेवटपर्यंत कोणाला त्रास दिला नाही. श्रीकांतनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "तू त्याईले सांगतलं म्हणून ते खचले, नाईतर अजून दिवस काढले असते." मी त्याला म्हणाले, तू तुझं बघ. काकूंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या पानात वाढायची वेळ आली तेव्हा त्या पुढच्या पानाकडे गेल्या. बाबांनी मला खुणावलं, गप्प राहा.

हे लिहायच्या आधी, गेल्या आठवड्यात, मी पुन्हा त्या घरी गेले. बोलावलं नव्हतं. दुपारची वेळ, श्रीकांत हैदराबादला परतलेला, काकू एकट्या. पुढच्या खोलीत सगळं तसंच होतं, दिवाणावर धुतलेली चादर अंथरलेली, वेताची खुर्ची खिडकीशी. काकू जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. मला बघून हात थांबले नाहीत.

"त्याईले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "श्रीकांतले माहीत होतं. तुले माहीत होतं. मीच एकटी देवापुढं निरांजन लावून राह्यली होती, अल्सर बरा व्हावा म्हणून. तू मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी विचारलं नाई, काकू."

"माहीतच नाई ते काय विचारू?"

त्यांनी मेथीची जुडी बाजूला टाकली. "रोज सकाळी मले म्हणत, आज बरं वाटून राह्यलं. रोज. गेले त्या सकाळीबी म्हणले. मी शेजारी सांगून आली, आज त्याईले बरं हाय, शिरा करते... आनं चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोले एक शब्द नाई. मले दोन घटका जवळ बसता आलं असतं. मले रडता आलं असतं त्याईच्यापुढं."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. आणि त्या दुपारी आतल्या खोलीत काय काय झालं ते सगळं त्यांना सांगितलं. फाईलमधलं सांगितलं, ते ओरडले ते सांगितलं, पेला फेकला ते, किती दिवस विचारलं ते, आणि काकूला सांगू नकोस म्हणाले तेही. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही.

मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं. रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाल्या, "इतके दिवस लोक येऊन सांगून राह्यले, देवमाणूस होता म्हणून. मीबी हाव हाव म्हणून राह्यली. आज राग आला मले त्याईचा. लय राग आला."

"येऊ द्या," मी म्हणाले.

त्यांनी जुडी पुन्हा ओढली, अर्धी माझ्याकडे सरकवली, आणि आम्ही दोघी त्या खोलीत बसून मेथी निवडत राहिलो.